ज्याला आपण औषध म्हणतो

श्रावण-भाद्रपदात आमच्या गोंदिया भागातल्या कोणत्याही खेड्यात दुपारच्या वेळी जा आणि ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्याला विचारा, "घरधनी कुठं आहेत?" उत्तर ठरलेले असते : "बांधीत औषध माराले गेले."

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. रसायनशास्त्राशी माझी ओळख बारावीपुरती, आणि तीही फारशी प्रेमाची नव्हती. पण शब्दांशी माझा रोजचा व्यवहार आहे, आणि हा 'औषध' शब्द गेली काही वर्षे मला स्वस्थ बसू देत नाही. पोराला ताप आला की दवाखान्यातून आणतो ते औषध. धानावर तुडतुडे पडले की कृषी केंद्रातून आणतो तेही औषध. आणि गावात कुणी हलक्या आवाजात म्हणाले, "अमक्याच्या पोरानं औषध घेतलं," तर ते दवाखान्यातले नव्हे, हे लहान मुलालाही कळते. तीन गोष्टींना एकच शब्द! भाषेला याचे काही वाटत नाही. पण माणूस ज्या नावाने वस्तूला हाक मारतो, त्याच नात्याने तिच्याशी वागतो. औषध म्हटले की ते देवळीत ठेवायचे, अंदाजाने ओतायचे, दुखणे जास्त असेल तर दोन टोपणे जास्त घालायची आणि ढवळलेला चमचा धुऊन पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचा. आपण नेमके हेच करतो की नाही?

माझे आजोळ अर्जुनी मोरगाव तालुक्यात. १९९० च्या आसपासची गोष्ट. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. रोवणी होऊन महिना झाला होता. मामांनी फोरेटचे दाणे रेतीत कालवून धोतराच्या ओच्यात घेतले आणि गुडघाभर पाण्यात उभे राहून उघड्या हाताने ते बांधीभर फेकले, अगदी बी फेकावे तसे. त्या दाण्यांचा उग्र वास मला अजून आठवतो. संध्याकाळी मामा घरी आले ते घामाने निथळतच. डोके गरगरत होते, तोंडाला पाणी सुटत होते, दोनदा उलटी झाली. घरच्यांनी ठरवले की ऊन लागले. मामीने लिंबाचे पाणी दिले, कुणी दृष्ट काढली. दोन दिवस मामा खाटेवर पडून होते, मग उठले. नशीब चांगले होते, एवढेच म्हणायचे. ओच्यातले दाणे आणि खाटेवरचा माणूस यांचा काही संबंध असेल, हे कुणाच्या मनात आले नाही, कारण ते तर औषध होते! त्याच फोरेटवर आपल्या देशात २०२० अखेरपासून बंदी आली आहे. म्हणजे मामांच्या त्या दोन दिवसांनंतर तीस वर्षांनी.

फोरेटसारखी कीटकनाशके शरीरात काय करतात, हे मी एका डॉक्टर मित्राकडून समजून घेतले. गुरुजींना पटेल अशा भाषेत सांगतो. मज्जातंतू स्नायूला हुकूम देतो, तो एका द्रवाच्या द्वारे. समजा, फळ्यावर खडूने लिहावे तसा. हुकूम वाचून झाला की तो पुसणारे एक डस्टर शरीरातच असते. लिहिले, वाचले, पुसले, पुन्हा लिहिले, असे दिवसभर चालते. हे विष त्या डस्टरलाच धरून ठेवते. मग फळ्यावर लिहिलेले पुसलेच जात नाही. एकावर एक हुकूम साचतात. डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, लाळ आणि घाम थांबत नाही, पोटात कळा येतात, दंडाचे मांस फडफडते. शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. किड्याचे जे होते तेच माणसाचे होते. माणूस मोठा म्हणून मात्रा जास्त लागते, एवढाच काय तो फरक.

आणि ही मात्रा पोटात तोंडावाटेच जाते, असे समजू नका. आपण नाकाला रुमाल बांधतो, हात मात्र उघडे ठेवतो. शेतात विषाचा मोठा दरवाजा आहे आपली कातडी. १९७१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी पॅराथिऑन नावाच्या कीटकनाशकाचा अभ्यास करून अंगाच्या कोणत्या भागातून ते किती शोषले जाते, हे मोजले. कोपरापुढच्या हाताच्या कातडीतून जितके आत जाते, त्याच्या चौपट कपाळातून, सातपट काखेतून आणि जांघेतल्या नाजूक कातडीतून तर जवळजवळ बारापट! आता पाठीवरचा फवारणीचा पंप डोळ्यांपुढे आणा. झाकणातून पाझरलेले पाणी पाठीवरून उतरते ते कुठे जाते? कमरेवरून जांघेत. कपाळावरचा घाम आपण पुसतो तो कशाने? औषध कालवलेल्या हाताने. त्यात उकाड्याने आणि घामाने कातडीची छिद्रे मोकळी झालेली. मामांचा ओचाही नेमका तिथेच होता.

यवतमाळचे २०१७ साल आपल्या विदर्भात कोण विसरेल? त्या पावसाळ्याच्या अखेरीस, ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या काळात, कपाशी फवारणारी वीसहून अधिक माणसे त्या एका जिल्ह्यात दगावली. शेकडो दवाखान्यात दाखल झाली. काहींना तर काही दिवस डोळ्यांनी दिसेनासे झाले होते. राज्य सरकारला विशेष चौकशी पथक नेमावे लागले. त्या वर्षी कपाशी पुरुषभर उंच वाढली होती, त्यामुळे फवारा खाली न पडता तोंडावर येत होता. हवेत दमटपणा होता. दोन-तीन विषे एकत्र कालवली जात होती. त्यांतले बरेच जण दुसऱ्याच्या शेतात मजुरीने फवारणारे होते. पंपामागे पैसे मिळतात, म्हणजे जितके पंप जास्त तितकी कमाई जास्त. तिथे थांबून हात धुवायला सवड कुणाला? धानाची कापसाशी तुलना नको, आपल्याकडे धान कमरेखाली असते, असे कुणी म्हणेल. खरे आहे. पण पंपामागे मजुरी आपल्याकडेही आहे, उघडे पाय आपल्याकडेही आहेत, आणि खर्रा तर आपल्याकडे सगळ्यांत जास्त आहे. औषध कालवलेल्या बोटांनी खर्रा घोटून तोंडात टाकणारा माणूस मी स्वतः पाहिला आहे. रागावून बोललो तर म्हणाला, "सर, किडे मरतात पोटातले." यावर काय बोलणार!

फवारणाऱ्याने काय करावे? कंपनीच्या चित्रात पांढरा झगा, गॉगल, नळीचा मुखवटा घातलेला माणूस असतो. भाद्रपदातल्या आपल्या उकाड्यात तो वेश घालून अर्धा तास कुणी टिकणार नाही, हे चित्र काढणाऱ्यालाही ठाऊक असावे. म्हणून जमण्यासारखे सांगतो. पूर्ण बाह्यांचा सदरा, पूर्ण पायजमा किंवा पॅन्ट, डोक्याला दुपट्टा. कापडी किंवा चामड्याचे हातमोजे नकोत, ते भिजून विष धरून ठेवतात. रबरी हातमोजे घ्यावेत. पंपाखाली पाठीवर आणि पुढे कमरेपासून गुडघ्यापर्यंत प्लॅस्टिकचा कागद बांधावा, म्हणजे पाझर कातडीला लागत नाही. सगळ्यांत धोक्याची वेळ फवारण्याची नसून कालवण्याची असते. तेव्हा डब्यातले विष पातळ झालेले नसते. ते काठीने ढवळावे, मापानेच घ्यावे, दोन-तीन औषधे मनाने मिसळू नयेत. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नये. वाऱ्याला तोंड देऊन फवारू नये आणि फवारलेल्या पट्ट्यातून पुढे चालत जाऊ नये. उन्हात नको, सकाळी किंवा संध्याकाळी फवारावे. काम झाले की बोडीत नव्हे, घरी साबणाने अंघोळ करावी.

आणि ते कपडे? इथे मला माझ्या मामीची आठवण येते. मामांचे धोतर तिने त्याच संध्याकाळी घरातल्या सगळ्या कपड्यांबरोबर, माझ्या चड्डीबरोबरही, बोडीच्या दगडावर आपटून धुतले होते. फवारणाऱ्याचे कपडे वेगळे, दोनदा साबण लावून धुवावेत, आणि ते धुणाऱ्या बाईच्या हातातही रबरी हातमोजे असावेत. जो शेतात गेलाच नाही त्याच्या अंगात विष जाते ते असे.

आता मूळ प्रश्न. एवढे फवारावे तरी लागते का? मी शेती शिकवत नाही, पण घरची चार एकर धानशेती आहे, म्हणून बोलतो. तुडतुडा दिसला रे दिसला की पंप काढण्याची आपल्याला घाई असते. एका चुडाला पाच-दहाच्या वर तुडतुडे दिसू लागले तरच फवारणीचा विचार करावा, असे कृषी खात्याचे लोक सांगतात, आणि त्यासाठी बांधीत उतरून, चूड वाकवून, बुंध्याशी मोजावे लागते. बांधावरून पाहून भागत नाही. बांधीत तुडतुड्यांना खाणारे कोळी असतात, मिरीड नावाचे छोटे ढेकूण असतात. फुकटचे राखणदार ते! सिंथेटिक पायरेथ्रॉइड वर्गातल्या काही औषधांनी हे राखणदार आधी मरतात, आणि पंधरा-वीस दिवसांनी तुडतुडे पहिल्याहून दामदुप्पट येतात. शेतकरी म्हणतो, औषधात दम नाही. मग त्याहून जहाल औषध येते. युरिया जास्त झाला की धान हिरवेगार आणि लुसलुशीत होते, आणि तुडतुड्याला तेच आवडते.

हा अनुभव एका अख्ख्या देशाने घेतला आहे. इंडोनेशियात धानावर फवारणीचा भडिमार झाला होता, सरकार औषधांना अनुदान देत होते, आणि तरी तुडतुडे एकरेच्या एकरे जाळीत होते. १९८६ साली तिथले राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी धानावर वापरायच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत अनुदानही काढून घेतले. शेतकऱ्यांना बांधीत नेऊन किडे ओळखायला शिकवणाऱ्या शाळा सुरू झाल्या. औषधांचा वापर खूप खाली आला. पण धानाचे उत्पन्न? ते घटले नाही, वाढले. आपल्याकडे पट्टा पद्धत आहेच : दहा-बारा ओळी रोवल्या की हात-दीड हाताची मोकळी पट्टी सोडायची, म्हणजे बुंध्याशी हवा आणि ऊन जाते. तुडतुडे वाढले तर तीन-चार दिवस बांधीतले पाणी काढून टाकायचे. खोडकिडीची अंडी पऱ्ह्यांच्या शेंड्यावर असतात, म्हणून रोवणीपूर्वी शेंडे खुडून जाळायचे. पक्ष्यांना बसायला काड्या रोवायच्या. यांतले काही नवीन नाही. फक्त याला मेहनत लागते आणि बाटलीला लागत नाही. आपल्या बांधीत मासे, खेकडे, गोगलगाई असतात आणि गावातली माणसे त्या पावसाळ्यात वेचून खातात. महाराष्ट्रात सारस पक्षी उरला आहे तो मुख्यत्वे आपल्या गोंदियात, आणि तो घरटे करतो धानाच्या बांधीतच. त्या पाण्यात काय पडते, याचा हिशेब आपल्या ताटापर्यंत येतो.

डबा विकत घेतला की त्यावर एक उभा चौकोन, म्हणजे शंकरपाळ्याच्या आकाराची खूण दिसेल. तिचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल म्हणजे अतिशय जहाल, पिवळा त्याखालोखाल, निळा मध्यम, हिरवा सौम्य. ही खूण कायद्याने आली. त्या कायद्याला एक दुःखाचा इतिहास आहे. १९५८ साली केरळात आणि तेव्हाच्या मद्रास राज्यात शंभराहून जास्त माणसे अन्नातून विष जाऊन मेली. जहाजातून गव्हाच्या पिठाबरोबर पॅराथिऑनचे डबे आले होते, ते पाझरले आणि पीठ विषारी झाले. त्यावर चौकशी समिती बसली आणि पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. ही रंगाची खूण सांगते ती झटक्यात मारण्याची ताकद. वर्षानुवर्षे थोडे थोडे अंगात गेले तर काय होईल, ते ही खूण सांगत नाही. म्हणून हिरवी खूण पाहून हात न धुता भाकर खाऊ नका.

पीठ आणि विष एका ठिकाणी आले की काय होते, हे पुन्हा २०१३ साली दिसले. बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत १६ जुलैला मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले दगावली. ज्या तेलात भाजी केली होती, त्यात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक गेले होते. तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवल्याचे उघडकीस आले. शिक्षक बंधुभगिनींनो, पोषण आहाराची कोठी तुमच्या देखरेखीखाली असते, म्हणून मुद्दाम सांगतो. तिथे फिनेल, ब्लीचिंग पावडर, उंदराचे औषध यांपैकी काहीही ठेवू नका, फळीच्या खालच्या कप्प्यातसुद्धा नको. आणि झुरळांसाठी मिळतो तो खडू शाळेत आणूच नका. दिसायला तो फळ्यावरच्या खडूसारखाच पांढरा असतो. पहिलीच्या मुलाला फरक कळायचा कसा?

रिकामा डबा ही आपल्याकडची मोठी दुबळी जागा आहे. चांगला पत्रा, घट्ट झाकण, फेकून द्यायला जीव होत नाही. माझ्या मामीने असाच एक डबा राखेने तीनदा घासून त्यात मातीचे तेल ठेवले होते, आणि तेल संपल्यावर मीठ. राखेने वास जातो, विष जात नाही. रिकामा डबा तीनदा धुऊन ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे. मग डब्याला खिळ्याने भोके पाडावीत, म्हणजे कुणाला मोह होणार नाही. उलट चूकही होते : शीतपेयाच्या बाटलीत उरलेले औषध किंवा संडासाचे ॲसिड भरून ठेवणे. अशी बाटली तहानलेल्या पोराच्या हाती लागायला कितीसा वेळ लागतो?

औषध घरात ठेवायचेच असेल तर पेटीत, पेटीला कुलूप, पेटी गोठ्यात उंचावर. हे केवळ पोरांसाठी नाही. रागाच्या, निराशेच्या एका क्षणी हाताशी काय आहे, यावर माणसाचे प्राण अवलंबून असतात. श्रीलंकेने १९९५ पासून सर्वांत जहाल कीटकनाशके बाजारातून काढली, आणि पुढच्या दहा वर्षांत तिथले आत्महत्येचे प्रमाण निम्म्यावर आले. तेवढी माणसे जगली ती पुढेही जगत राहिली. माझे मामा आता सत्तरी ओलांडलेले. त्यांच्या गोठ्यातल्या पेटीची किल्ली कमरेच्या करगोट्याला असते. गेल्या पोळ्याला मी विचारले, "मामाजी, पेटीत काय आहे?" म्हणाले, "जहर."

घरातल्या इतर गोष्टींपैकी दोन-तीनच बोलतो. सगळ्या सांगू लागलो तर तुम्ही रेडिओ बंद कराल.

पहिली, धान्यातल्या सल्फासच्या गोळ्या. गोंदिया म्हणजे राइस मिलांचे गाव. तिथे गोदामात पोती झाकून या गोळ्या ठेवतात. हवेतला दमटपणा लागला की गोळीतून फॉस्फिन वायू सुटतो आणि सोंडे, टोके मरतात. हे काम कायद्याने जाणकार माणसाच्या देखरेखीखालीच करायचे आहे. पण त्या गोळ्या घरी येतात, ढोलीत पडतात, आणि ढोली असते माणसे झोपतात त्याच खोलीत. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत पसरतो. जमिनीवर चटई टाकून झोपतात ती लेकरे. या विषावर उतारा नाही. असतो तो फक्त दवाखान्यातला प्रयत्न. त्यापेक्षा धान चार दिवस कडक उन्हात वाळवा, दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. ढोली शेणाने सारवून, उन्हात तापवून भरा, कडुलिंबाचा वाळलेला पाला थरांत घाला. टोके अगदीच येणार नाहीत असे नाही. पण धान्यातले चार टोके पाखडून काढता येतात.

दुसरी, डांबराच्या गोळ्या. पेटीत ठेवलेल्या कपड्यांना त्यांचा वास असतो, आणि आपल्याकडे बाळंतिणीसाठी आणि बाळासाठी नेमके तेच जपून ठेवलेले कपडे काढतात. काही मुलांच्या रक्तात एका विकराची जन्मजात कमतरता असते. हिवतापाच्या मुलखात ती जास्त आढळते. सिकलसेल आपल्या पूर्व विदर्भात सर्वांना ठाऊक आहे, हा विकार त्याहून वेगळा. अशा तान्ह्या बाळाला डांबराच्या गोळीच्या वासाच्या दुपट्यात गुंडाळले तर त्याच्या लाल पेशी फुटू लागतात आणि जबर कावीळ होते. कुणाच्या बाळात ही कमतरता आहे, हे पाहून कळत नाही. म्हणून बाळाच्या कपड्यांत त्या गोळ्या ठेवूच नका. जुने कपडे धुऊन, दोन दिवस उन्हात टाकून मगच वापरा.

तिसरी, डास पळवायची अगरबत्ती, ती गोल वेटोळ्याची. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशी एक अगरबत्ती पूर्ण जळली तेव्हा तिच्यातून बाहेर पडलेले सूक्ष्म कण मोजले. ते ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले! बंद खोलीत, खिडक्या लावून, पोरांच्या उशाशी आपण ती लावतो. डास चावू द्या, असे मी म्हणत नाही. आपला जिल्हा हिवतापाचा आहे. पण मच्छरदाणी लावा. सरकारी मच्छरदाणीच्या धाग्यातही कीटकनाशक असते, हे खरे. पण ते धाग्यातच राहते, धूर होऊन छातीत जात नाही. हिवतापापासून ती जेवढे वाचवते, त्यापुढे तिचा धोका अगदी किरकोळ आहे.

बाकीचे घाईघाईने. संडासाचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र टाकू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि १९१५ साली पहिल्या महायुद्धात इप्रच्या लढाईत जर्मनांनी तोच वापरला होता. चुलीत प्लॅस्टिक पेटवून विस्तव करू नका. उकळता चहा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आणू नका, किटली न्या. वांगी, भेंडी वाहत्या पाण्यात चोळून धुवा. पण काही विषे झाडाच्या रसात मुरलेली असतात, ती धुऊन निघत नाहीत. म्हणून सकाळी फवारून संध्याकाळी बाजारात नेणाऱ्यानेच थांबायला हवे. डब्यावर किती दिवस थांबायचे ते लिहिलेले असते. दारे-खिडक्या रंगवताना, विशेषतः शाळेच्या, जुना रंग कोरडा खरवडू नका, ओला करून खरवडा. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव आहे.

हे ऐकून कुणी म्हणेल, म्हणजे कारखान्यातले ते सगळे वाईट आणि रानातले ते सगळे चांगले. तसे नाही हो! आपल्याकडे धान निघण्याआधी उतेरा पद्धतीने लाखोळी टाकतात. कारखान्याचा तिच्याशी काही संबंध नाही. पण दुष्काळात महिनोन्महिने लाखोळीवरच राहिलेल्या माणसांचे पाय कायमचे लुळे पडतात, हे फार पूर्वीपासून माहीत आहे. आणि ब्लीचिंग पावडर कारखान्यातलीच आहे, पण पावसाळ्यात विहिरीत मापाने टाकली की ती हगवणीपासून गावे वाचवते. प्रश्न वस्तू कुठून आली हा नाही. किती, कुठे, कशात आणि कुणाच्या हाती, हा आहे.

शेवटी, विषबाधा झालीच तर काय करावे. माणसाला मोकळ्या हवेत न्या, अंगावरचे सगळे कपडे काढा आणि साबणाच्या भरपूर पाण्याने अंग धुवा, केस आणि नखांसकट. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत. डोळ्यात गेले असेल तर पंधरा मिनिटे साध्या पाण्याने धुवा. उलटी काढायला मिठाचे पाणी पाजू नका. दूध, तूप, लिंबू काही नको. माणूस बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा. १०८ ला फोन करा. डॉक्टर फोरेटसारख्या विषावर ॲट्रोपीनचे इंजेक्शन देतात. ते धोत्र्याच्या कुळातल्या झाडांत सापडणारे द्रव्य आहे, म्हणून कुणी धोत्र्याचा पाला वाटून देऊ नका, त्याने एकाचे दोन विषार होतील. वेगवेगळ्या विषांवर उपचार वेगवेगळे आहेत, आणि माणसाकडे पाहून कोणते विष आहे ते डॉक्टरला दरवेळी सांगता येत नाही. म्हणून धावपळीत बाकी काही विसरले तरी चालेल, पण तो डबा बरोबर घ्या. चिठ्ठी फाटलेली असली तरी, रिकामा असला तरी.